घरच्या संगणकाचा प्रोसेसर सतत व्यग्र राहिल्यास

प्राथमिक शाळेचे पुष्कळसे कागदकाम आता संगणकावर होते. ‘सरल’ व ‘यू-डायस प्लस’ यांवर विद्यार्थ्यांची माहिती भरणे, निकालपत्रके तयार करणे, प्रश्नपत्रिका टंकित करणे ही कामे ग्रामीण शिक्षकास अनेकदा रात्री घरी बसून उरकावी लागतात. अशा वेळी संगणक मंदावतो, पंखा घोंघावू लागतो, एक अक्षर उमटण्यास काही क्षण लागतात. मग ‘संगणक गेला’ असा निष्कर्ष काढून एक तर नवे यंत्र विकत घेतले जाते, किंवा सर्व काही पुसून तेच यंत्र फॉरमॅट करून घेतले जाते. पहिल्या उपायात पगाराचा मोठा भाग खर्ची पडतो. दुसऱ्यात वर्षभराच्या नोंदी नाहीशा होण्याचे भय असते. पुष्कळदा या दोहोंपैकी कशाचीच आवश्यकता नसते. प्रोसेसरची सततची व्यग्रता हे लक्षण होय, रोग नव्हे. रोग कोणता, हे आधी शोधावे.

प्रोसेसर व्यग्र असतो म्हणजे काय?

एकशिक्षकी शाळेचे उदाहरण घ्यावे. एका खोलीत चार इयत्ता बसल्या आहेत. शिक्षक पहिलीस अक्षरे गिरवावयास देतो, तिसरीचे गणित तपासतो, चौथीचे वाचन ऐकतो. प्रोसेसरही अनेक कार्यक्रमांना असाच थोडा थोडा वेळ वाटून देतो. मात्र ही फेरी तो एका सेकंदात अनेकवार पुरी करतो, म्हणून सर्व कामे एकदम चालल्याचा भास होतो. काम नसेल तेव्हा तो स्वस्थ असतो. कोणतेही काम हाती घेतलेले नसता व्यग्रता काही टक्क्यांच्या आतबाहेर असावी. मोठे काम चालू असता ती थोडा वेळ शंभरापर्यंत गेली तरी चिंता नाही. काहीही चालू नसता ती तासन्‌तास ऐंशी-नव्वद टक्के राहिली, तर मात्र कोणीतरी एक विद्यार्थी शिक्षकाचा सारा वेळ अडवून बसला आहे असे समजावे.

अपराधी कसा ओळखावा?

विंडोज प्रणालीच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या असता ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. हा संगणकाचा हजेरीपटच होय. त्यातील ‘सीपीयू’ या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वाधिक वेळ घेणारा कार्यक्रम वर येतो. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, सविस्तर यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ या नावापुढे नव्वदाहून अधिक आकडा दिसला तर घाबरू नये. तो रिकाम्या वेळेचा आकडा आहे. तो जितका मोठा तितका प्रोसेसर मोकळा.

दुसरी, आजच्या प्रोसेसरमध्ये काम करणारे गाभे एकाहून अधिक असतात. असे चार गाभे असतील आणि एखादा कार्यक्रम एकाच चक्रात अडकून पडला असेल, तर तो चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे २५ टक्के अडवितो; दोन असतील तर सुमारे ५०. असा आकडा न हलता राहिला तर तो कार्यक्रम बिघडला आहे असे मानण्यास जागा आहे.

तिसरी, सीपीयूचा आकडा लहान, परंतु ‘मेमरी’ वा ‘डिस्क’ यांचा आकडा शंभराजवळ असेल, तर दोष प्रोसेसरचा नव्हे. टेबल लहान पडल्यामुळे प्रत्येक वहीसाठी शिक्षकास कपाटापर्यंत जावे लागते, तशी ती स्थिती आहे. अशा वेळी नव्या यंत्राऐवजी मेमरी वाढविणे किंवा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे कमी खर्चात भागते.

नेहमीची कारणे व उपाय

१. साचलेली कामे. संगणक आठवड्यातून एकदाच उघडला जात असेल, तर राहिलेली अद्ययावतीकरणे व विषाणू-तपासणी उघडताक्षणीच सुरू होतात. यादीत ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ किंवा ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ ही नावे दिसल्यास ती बळाने बंद करू नयेत. यंत्र चालू ठेवून तासभर थांबावे. काम अर्धवट तोडले तर पुढच्या खेपेस ते पुन्हा सुरू होते.

२. ब्राउझर. वीस पाने एकाच वेळी उघडी ठेवणे हे सर्वांत साधे कारण. क्रोममध्ये शिफ्ट व एस्केप दाबल्यास त्याचा स्वतंत्र हजेरीपट उघडतो व कोणते पान भार टाकते ते दिसते. नको असलेली जोडसाधने काढून टाकावीत.

३. आपोआप सुरू होणारे कार्यक्रम. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात त्यांची यादी असते. ओळखीचे पण अनावश्यक असतील ते बंद करावेत. अनोळखी नावास माहिती घेतल्याशिवाय हात लावू नये. एका वेळी दोन विषाणूरोधक ठेवू नयेत. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

४. उष्णता व धूळ. मालेगावकडील उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. पंख्याच्या जाळीत धूळ भरली असेल तर प्रोसेसर तापतो आणि स्वसंरक्षणार्थ आपला वेग कमी करतो. मग तेच काम अधिक वेळ चालते व व्यग्रता वाढलेली दिसते. सकाळी यंत्र ठीक चालते, दुपारी मंदावते, ही याची खूण. यंत्र बंद करून, वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशाने धूळ काढावी. लॅपटॉप गादीवर ठेवू नये.

५. लपलेला उपद्रव. २०१७ साली ‘कॉइनहाइव्ह’ नावाची सेवा निघाली. ती बसविलेले संकेतस्थळ उघडताच पाहणाऱ्याच्या प्रोसेसरवर आभासी चलन निर्माण करण्याचे काम चालू होई. २०१९ साली ती बंद पडली. परंतु असे चोरटे कार्यक्रम अद्याप आहेत. शाळा, केंद्रशाळा व सायबर कॅफे यांत फिरणारा पेनड्राइव्ह हा त्यांचा एक मार्ग, फुकट मिळविलेली चोरीची सॉफ्टवेअरे हा दुसरा. केंद्र शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर सफाईची साधने विनामूल्य मिळतात. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही अशा यंत्रांच्या बाबतीत विसरू नये. पडद्यावर ‘संगणकास विषाणू लागला, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना आली तर फोन करू नये. ती बहुधा फसवणूक असते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

फॉरमॅट करण्यापूर्वी

वरील उपाय एका वेळी एकच करावा आणि दिनांक, वेळ, केलेला बदल व नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. चार बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही.

सर्व उपाय थकल्यावरच फॉरमॅटचा विचार करावा. तत्पूर्वी नोंदी, निकालपत्रके व छायाचित्रे वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. नुसती नक्कल झाली एवढ्यावर विसंबू नये. जुना मजकूर युनिकोडऐवजी ‘कृतिदेव’ किंवा ‘श्रीलिपी’ यांसारख्या टंकांत असेल तर ते टंकही जपून ठेवावेत. ते गेल्यास फाईल उघडते, पण मराठी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. संगणक नवा आणता येतो. वर्षभर वर्गात बसून टिपलेली मुलांच्या प्रगतीची नोंद पुन्हा लिहिता येत नाही.

एखादे मूल अभ्यासात मागे पडले तर शिक्षक त्यास लगेच ‘मठ्ठ’ म्हणून सोडून देत नाही. त्याला नीट दिसते काय, ते उपाशी तर येत नाही ना, याची तो चौकशी करतो. तीच चौकस व सबुरीची दृष्टी यंत्राकडे पाहतानाही ठेवावी, म्हणजे पैसा वाचतो आणि नोंदीही सुरक्षित राहतात.