पिढी मोजायची कशी?

१९८०च्या दशकात वडगावला आमच्या ओट्यावर अधूनमधून रविवारी सकाळी दोन माणसे येत. एकाच्या हातात छत्री, दुसऱ्याच्या हातात कातडी पिशवी. बोलणे नम्र, मराठी स्वच्छ. पाणी घेत, चहाला नको म्हणत आणि जाताना ‘टेहळणी बुरूज’ नावाचे पातळ मासिक ठेवून जात. लोहगड-विसापूरच्या तालुक्यात राहणाऱ्याला हे नाव परके वाटण्याचे कारण नव्हते. हातात छापील कागद आला की तो कुठून निघतो ते आधी पाहायचे ही माझी जुनी खोड. पत्त्यांच्या यादीत अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशी नावे आणि भारतासमोर चक्क पोस्ट बॅग १०, लोणावळा! ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाची भारतातली मुख्य कचेरी त्या काळी आमच्या शेजारी होती. पुढे ती बंगळूरला गेली.

त्यांचे सांगणे थोडक्यात असे : १९१४ साली स्वर्गात ख्रिस्ताच्या राज्याला सुरुवात झाली, त्या वर्षीच्या घटना पाहिलेली पिढी संपण्याआधी या दुष्ट जगाचा अंत होईल.

माझी आजी तेव्हा ओट्यावरच तांदूळ निवडत बसलेली असे. १९१४ साली ती दहा वर्षांची होती. हे कळल्यावर छत्रीवाल्या गृहस्थांनी तिला मोठ्या आदराने सांगितले, “आजी, तुम्ही त्या पिढीतल्या.” आजीने सूप खाली ठेवले. “म्हंजी मी हाय तवर काय होत न्हाय म्हणा की,” ती म्हणाली. वाक्याचा अर्थ तिने उलटा लावला होता, हे उघड आहे. पण त्या दिवसापासून तिच्यावर एक जबाबदारी आली.

हा सारा खेळ एका शब्दाचा आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात येशू जैतुनांच्या डोंगरावर शिष्यांसह बसलेला आहे. समोर जेरुसलेमचे भव्य मंदिर. त्याचा दगडावर दगड राहणार नाही असे त्याने नुकतेच सांगितले आहे, आणि हे केव्हा होणार असे शिष्य विचारतात. तो युद्धे, दुष्काळ, भूकंप यांची चिन्हे सांगतो आणि हे सगळे होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही असे बजावतो. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘गेनेआ’. त्याचा सरळ अर्थ एका काळात जगणारी माणसे, म्हणजे समोर बसलेले ते शिष्य आणि त्यांचे समकालीन. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केले. त्या संभाषणाला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती, आणि ऐकणाऱ्यांपैकी काही जिवंत असणार. इथवर हिशेब जुळतो. पण त्याच अध्यायात मनुष्याचा पुत्र मेघांवरून येण्याची गोष्टही आहे, आणि ती काही घडली नाही. म्हणून मग कोणी ‘गेनेआ’ म्हणजे यहुदी वंश म्हटले, कोणी विश्वास ठेवणाऱ्यांची अखंड परंपरा म्हटले, आणि कोणी म्हटले, चिन्हे जी पाहील ती पिढी.

या तिसऱ्या वाटेने गेले की पंचांग हाती घ्यावेच लागते. साक्षीदारांच्या गणितात जेरुसलेमचा पाडाव ख्रिस्तपूर्व ६०७ मध्ये. तिथून २,५२० वर्षे मोजली की १९१४ येते. (इतिहासकार तो पाडाव ५८७ किंवा ५८६चा मानतात, पण ते असो.) अमेरिकेतले हॅल लिंडसे यांनी १९७०च्या आपल्या अफाट खपाच्या पुस्तकात आरंभ १९४८पासून, म्हणजे इस्राएलच्या स्थापनेपासून धरला. पिढी चाळीस वर्षांची, म्हणजे १९८८. त्या वर्षासाठी ख्रिस्त येण्याची अठ्ठ्याऐंशी कारणे देणारी एक पुस्तिकाही अमेरिकेत निघाली होती. १९८८ आले आणि गेले.

आपण हसायचे कारण नाही. फेब्रुवारी १९६२मधल्या अष्टग्रहीच्या वेळी मी शाळकरी पोर होतो. आठ ग्रह एका राशीत येणार म्हणून देशभर यज्ञ झाले होते, आणि आमच्या घरातही दोन दिवस कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. पिढीचा हा वर्षांचा हिशेब ज्या मत्तयाच्या आधारावर चालतो, त्याच मत्तयाने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर पिढ्या मोजल्या आहेत. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. बेरीज बेचाळीस! आपण रागावलो की समोरच्याच्या ज्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करतो, नेमक्या तेवढ्या. हा योगायोगच, पण गंमत पुढे आहे. दुसऱ्या गटात मत्तयाने मधले तीन राजे गाळले आहेत आणि तिसऱ्या गटातली नावे मोजली तर एक कमी भरते. शब्द तोच, ‘गेनेआ’. ज्याने स्वतः पिढ्यांचा जमाखर्च असा सैल हाताने लिहिला, त्याच्या एका पिढीवरून आपण सन ठरवायचा?

पिढी म्हणजे वर्षे नव्हेत, हे खरे तर वडगावच्या माणसाला सांगायला नको. पानिपतावर एक पिढी कापली गेली असे आपण म्हणतो. ते जानेवारी १७६१. बरोबर अठरा वर्षांनी, जानेवारी १७७९मध्ये, आमच्या वडगावात इंग्रज फौजेला मराठ्यांनी कोंडले आणि तह लिहून घेतला. त्या वेळी पुढे होते महादजी शिंदे, पानिपतावरून पाय अधू होऊन परतलेले. पुण्यात कारभार पाहणारे नाना फडणीसही पानिपतावरून जीव वाचवून आलेले. कापली गेलेली पिढी हीच आणि अठरा वर्षांनी उभी ठाकलेलीही हीच. एकच घाव एकत्र सोसलेली माणसे, एवढाच तिचा अर्थ.

अंतकाळाची ओढ आमच्या भागात त्या मासिकाच्याही आधी येऊन गेली होती. लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींची शिबिरे भरत. १८९६ साली पंडिता रमाबाई आपल्या पंधरा मुलींना घेऊन तिथे गेल्या होत्या. एका पहाटे झाडीत एकांती बसून त्यांनी या पंधरांचा वर्ग मागितला, म्हणजे सव्वादोनशे मुली, आणि त्याही पुढच्या शिबिराच्या आत. मुदत घालून मागणे म्हणजे तसे भविष्यच. पण ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. त्याच वर्षअखेर मध्य प्रांतातल्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. तीनशेच्या वर. केडगावच्या मुक्तिसदनाचा पसारा तिथून वाढला.

१९०५ साली मुक्तीमध्ये जे धार्मिक उधाण आले, मुली रात्र रात्र रडत प्रार्थना करू लागल्या, त्याला तिथल्या काही मिशनरींनी शेवटच्या दिवसांचा पाऊस मानले. रमाबाई त्या काळात बायबलाच्या मराठी भाषांतराला बसल्या. जग लवकर संपणार असेल तर खेड्यातल्या बाईला कळेल असे भाषांतर करीत कोण वर्षानुवर्षे बसेल? १९२१ साली मनोरमा, त्यांची एकुलती लेक, गेली. भाषांतर पुरे करून एप्रिल १९२२मध्ये रमाबाई गेल्या. घरातली पिढी संपली होती. केडगावच्या मुली होत्या.

नोव्हेंबर १९९५मध्ये साक्षीदारांच्या मासिकाने पिढीचा अर्थ बदलला. ती आता ठरावीक वर्षांची राहिली नाही. त्यांच्या ‘अवेक’ या इंग्रजी मासिकाच्या आरंभी १९१४च्या पिढीचे जे वाक्य छापले जाई, तेही गेले. २०१०मध्ये आणखी एक अर्थ आला. ज्यांची आयुष्ये काही काळ एकमेकांवर येतात असे दोन गट मिळून एक पिढी.

पहिला बदल झाला तेव्हा आजी एक्याण्णव वर्षांची होती. छत्रीवाले गृहस्थ आता एकटेच येत. त्यांचेही केस पिकले होते. त्यांनी मला नवा अर्थ समजावून सांगितला. सांगताना ते माझ्याकडे नव्हे, रस्त्याकडे पाहत होते. आजीला ऐकू कमी येई, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून सांगितले की आता ते साल धरत नाहीत.

“मंग आता माझ्यावर न्हाय ना काय?” तिने त्यांनाच विचारले.

“नाही आजी,” ते म्हणाले. मग ते तिच्याशेजारी ओट्यावर टेकले आणि त्या दिवशी त्यांनी चहा घेतला.