एकच मागणी, दोन दारं : बोलिव्हिया आणि कोकाचं पान

अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय कराराबद्दल देशादेशांत वाद कसला असणार, असं आपल्याला वाटतं. पण वाद असतो, आणि तो बरेचदा 'अमली पदार्थ म्हणायचं कशाला' इथूनच सुरू होतो. आज आपण बोलिव्हियाचं उदाहरण घेऊ.

अँडीज पर्वतातले आयमारा आणि केचुआ लोक पिढ्यान्‌पिढ्या कोकाचं पान चघळत आले आहेत. उंचावर काम करताना थकवा आणि भूक कमी जाणवावी म्हणून चघळतात. पूजेत, पाहुणचारातही हे पान असतंच. याच पानावर रासायनिक प्रक्रिया करून कोकेन काढतात. १९६१ च्या करारानं पान आणि कोकेन दोन्ही एकाच, पहिल्या यादीत टाकली. करार लागू झाल्यापासून २५ वर्षांत पान चघळणं बंद करायचं, असंही ठरलं. करार १९६४ च्या डिसेंबरात लागू झाला, म्हणजे मुदत १९८९ ला संपली. चघळणं काही संपलं नाही.

आता आपल्याकडे बघा. याच करारातल्या गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे येतात, नुसती पानं येत नाहीत. भारताच्या १९८५ च्या कायद्यातही तसंच आहे. म्हणून पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. एक पान व्याख्येतून सुटलं, दुसरं यादीत अडकलं.

२००९ मध्ये बोलिव्हियानं हे अडकलेलं पान सोडवायचं ठरवलं. राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस हे मूळचे कोका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे नेते. त्यांची मागणी साधी होती : पान चघळण्यावरची बंदी तेवढी काढा, कोकेनवरची राहू द्या. हे झालं पहिलं दार, करारात दुरुस्तीचं. इथे अडचण अशी, की ठरलेल्या मुदतीत एका देशानंही हरकत घेतली तर दुरुस्ती आपोआप लागू होत नाही. अमेरिका, ब्रिटन, स्वीडन आणि इतर काही देशांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, आज एकाला सूट दिली तर उद्या करार उरणार नाही. ही भीती अगदीच पोकळ नव्हती.

मग बोलिव्हियानं दुसरं दार शोधलं. २०११ मध्ये करार सोडत असल्याचं कळवलं, २०१२ च्या सुरुवातीला तो देश बाहेर पडला, आणि लगेच परत येण्याचा अर्ज केला. मात्र पान चघळण्यापुरता अपवाद ठेवून. इथला नियम नेमका उलटा आहे. वर्षभरात एक तृतीयांश सदस्य देशांनी हरकत घेतली, तरच अपवाद नाकारला जातो. म्हणजे साठाहून जास्त देश लागले असते. हरकत आली फक्त १५ देशांची. २०१३ मध्ये बोलिव्हिया अपवादासह परत करारात आला.

मागणी तीच होती, विरोधकही बरेचसे तेच. फरक पडला तो नियमामुळे : पहिल्या दारात एकाचा नकार पुरेसा होता, दुसऱ्यात अनेकांचा लागत होता.

पण हा विजय अर्धाच, हे आपण विसरायला नको. अपवाद फक्त बोलिव्हियाच्या हद्दीत चालतो. पान अजून पहिल्या यादीतच आहे, त्यामुळे तिथल्या शेतकऱ्याला कोकाचा चहा परदेशात मोकळेपणानं विकता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी 'जगानं बंदी घातली' असं वाचाल, तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा : व्याख्या कोणी लिहिली, आणि ती बदलायला किती जणांचा होकार लागतो?