विश्वजालाचें खुलें कोठार

मुंबईंत किंवा पुण्यास एखादें पुस्तक छापून प्रसिद्ध झालें म्हणजे त्याच्या कांहीं प्रती प्रकाशकास ठराविक ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. १९५४ सालच्या कायद्यानें तसा नियमच घालून दिलेला आहे. एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि इतर प्रती चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील ग्रंथालयांकडे जावयाच्या असतात. पुढें दोन वर्षांनीं वर्तमानपत्रें व नियतकालिकें यांचाहि त्यांत समावेश झाला. हा नियम कितपत पाळला जातो हा प्रश्न निराळा. परंतु छापलेल्या शब्दावर केवळ छापणाऱ्याचाच हक्क नसून मागाहून येणाऱ्या वाचकांचाहि कांहीं हक्क आहे, हें तत्त्व त्यांत मान्य झालेलें आहे.

इंटरनेटवर जें लिहिलें जातें त्यास आपल्या देशांत असा आश्रय मिळालेला नाहीं. सकाळीं दिसलेलें पान सायंकाळीं बदललेलें असतें. जागेचें वार्षिक भाडें भरावयाचें राहिलें कीं दहा वर्षांचें लिखाण एका दिवसांत नाहींसें होतें, आणि त्याची रद्दीसुद्धां मागें उरत नाहीं. ही अडचण ओळखून ब्रूस्टर केल या अमेरिकन गृहस्थांनीं १९९६ सालीं इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था काढली व जुन्या पानांच्या प्रती राखून ठेवण्याचें काम आरंभिलें. २००१ पासून त्या प्रती सर्वांस पाहतां येऊं लागल्या. परंतु तेथील व्यवस्था मुख्यतः एकेक पान पाहणाऱ्यासाठीं आहे. ज्याला एक पान नको, तर एक कोटि पानें एकदम तपासावयाचीं आहेत, त्यानें कोठें जावें?

ज्यांच्याजवळ अशी सामग्री होती ते तिचे मालक होते, आणि ते थोडे होते. शोधयंत्रें चालविणाऱ्या कंपन्या जगांतील पानांच्या नकला रात्रंदिवस गोळा करीत. परंतु त्या नकला त्यांच्या तिजोरींतल्या होत्या. विद्यापीठांतील प्राध्यापकास किंवा नवीन धंदा काढूं पाहणाऱ्या तरुणास तेथें प्रवेश नव्हता. गिल एल्बाझ यांना ही स्थिति आंतून ठाऊक होती. त्यांची कंपनी २००३ सालीं गूगलनें विकत घेतली होती व त्यानंतर कांहीं वर्षें ते तेथेंच कामास होते. तेथून बाहेर पडल्यावर २००७ सालीं त्यांनीं कॅलिफोर्नियांत ‘कॉमन क्रॉल’ नांवाची, नफा न घेणारी संस्था स्थापन केली. कॉमन म्हणजे सर्वांचें, आणि क्रॉल म्हणजे रांगणें. पानापानांवरून रांगत जाऊन त्यांच्या नकला कराव्या आणि ज्याला पाहिजे त्याला त्या विनामूल्य न्यावयास द्याव्या, एवढाच तिचा उद्देश.

हें रांगणें चालतें कसें, तें पाहण्यासारखें आहे. संस्थेचें एक यंत्र आहे. त्यास सीसीबॉट असें नांव दिलेलें आहे. त्याच्या हातीं प्रथम पत्त्यांची एक यादी असते. यादींतील पत्त्यावर जाऊन तें तेथील पान मागतें, जसें येईल तसें उतरून घेतें, आणि त्या पानावर दुसऱ्या पानांचे जे दुवे असतील ते टिपून घेतें. अशा रीतीनें यादी वाढत जाते. एखाद्या अनोळखी मुलुखांत शिरलेल्या वाटसरूनें प्रत्येक गांवांत पुढील गांवाची वाट विचारावी, तसाच हा प्रकार. मात्र एकाच घराचें दार वारंवार ठोठावून घरधन्यास त्रास होऊं नये म्हणून तें दोन मागण्यांमध्यें कांहीं वेळ थांबतें. शिवाय प्रत्येक संकेतस्थळाच्या दारावर एक पाटी लावतां येते. मार्टिन कोस्टर यांनीं १९९४ सालीं सुचविलेली ही पद्धति रोबोट्स टीएक्सटी या नांवानें ओळखली जाते. कोणत्या यंत्रानें आंत यावें, कोणत्या दालनांत जाऊं नये, हें तीवर लिहिलेलें असतें. सीसीबॉट ती पाटी वाचतें व मानतें. सर्वच यंत्रें इतकीं सभ्य असतात असें नाहीं.

विश्वजालास अंत नाहीं. एखाद्या दिनदर्शिकेचें पान पुढील महिन्याकडे, तें त्याच्या पुढील महिन्याकडे, असें हजारों वर्षें नेत राहूं शकतें. म्हणून निवड करावी लागते. त्यासाठीं संस्थेनें एक माप घेतलें आहे. एखाद्या स्थळीं इतर स्थळांहून किती थोड्या मजलांत पोंचतां येतें यावरून त्याचें महत्त्व ठरतें. चव्हाट्यावरच्या गांवाकडे सर्व वाटा वळतात. आडवळणाचें गांव मागें राहतें. येथेंच एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे: हा संग्रह म्हणजे सबंध विश्वजाल नव्हे. तो एक नमुना आहे, आणि निवडीची रीतच अशी असल्यामुळें ज्यांच्याकडे पुष्कळ वाटा येतात त्यांच्याकडे तो झुकलेला असतो.

प्रत्येक फेरी साधारणतः महिन्या-दोन महिन्यांनीं निघते आणि तिला वर्ष व आठवडा यांचा क्रमांक दिला जातो. अलीकडील एकेका फेरींत दोनशें ते तीनशें कोटि पानें येतात आणि मजकूर सुटा केला असतां तो चारशें टेराबाइटांच्या आसपास भरतो. एक टेराबाइट म्हणजे दहा लाख मेगाबाइट. तीनशें पृष्ठांचें मराठी पुस्तक नुसत्या अक्षरांच्या रूपानें दीड-दोन मेगाबाइटांत मावतें. या हिशेबानें एका फेरीच्या पोटांत वीस कोटि ग्रंथांची जागा आहे. अर्थात् तींतील मोठा भाग शब्दांचा नसून पानाची मांडणी सांगणाऱ्या खुणांचा असतो.

माल तीन प्रकारें बांधून ठेवतात. पहिल्या गासडींत पान जसें आलें तसें, तें कधीं व कोठून मागितलें याच्या नोंदीसह असतें. या बांधणीचें वॉर्क हें नांव असून २००९ पासून ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य आहे. दुसरीत पानाविषयींची माहिती व त्यावरील दुवे, आणि तिसरीत फक्त वाचावयाचा मजकूर. २०१२ पासून हें सर्व ॲमेझॉन कंपनीच्या सार्वजनिक साठ्यांत ठेवलेलें आहे. नेण्यास पैसे पडत नाहींत. ज्याच्यापाशीं सर्व उतरून घेण्याइतकी जागा नाहीं, त्यानें सूची पाहून हवीं तेवढींच पानें उचलावीं.

उपयोग कोणी केला? २०१२ च्या संग्रहावरून जर्मनींतील मानहाइम विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं साडेतीनशें कोटि पानें आणि त्यांना जोडणारे बारा हजार आठशें कोटि दुवे यांचा नकाशा तयार केला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं २०१४ सालीं आणि फेसबुकच्या संशोधकांनीं २०१८ सालीं शब्दांचें परस्परसान्निध्य मोजून त्यांचे अर्थसंबंध आंकड्यांत मांडणारीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. फेसबुकच्या कोष्टकांत १५७ भाषा असून मराठी त्यांतील एक आहे. पण संस्थेचें नांव सर्वतोमुखीं झालें तें संभाषण करणाऱ्या यंत्रांमुळें. ओपनएआय कंपनीनें २०२० सालीं जीपीटी-३ हें यंत्र शिकविलें, तेव्हां त्याच्या शिक्षणांतील साठ टक्के भार या संग्रहांतून काढलेल्या मजकुरावर होता. मूळ मजकूर पंचेचाळीस टेराबाइटांचा. पाखडून उरला तो अवघा पाचशें सत्तर गिगाबाइट. म्हणजे ऐंशी पोतीं उफणल्यावर एक पोतें दाणे निघाले.

ह्या पाखडण्याविषयीं कांहीं विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण खरा निर्णय तेथें होतो. जाहिराती, त्याच त्या मजकुराच्या शेंकडों नकला, अर्थहीन शब्दांच्या रांगा हें सर्व काढून टाकणें अवश्यच आहे. परंतु शेंकडों कोटि पानें माणसानें वाचून निवडणें शक्य नसल्यामुळें चाळणी नियमांची करावी लागते, आणि नियमाला तारतम्य नसतें. गूगलच्या संशोधकांनीं एप्रिल २०१९ च्या फेरीपासून सी-फोर नांवाचा इंग्रजी संग्रह केला. त्यांत वर्ज्य शब्दांची एक यादी होती व तींतील एकहि शब्द ज्या पानावर आला तें पानच बाद केलें गेलें. २०२१ सालीं दुसऱ्या अभ्यासकांनीं तपासून दाखविलें कीं, यामुळें अश्लील लिखाणाबरोबर वैद्यकीय व कायदेविषयक निर्दोष मजकूरहि गेला, आणि अल्पसंख्य समाजांविषयींची पानें इतरांहून अधिक प्रमाणांत गेलीं.

पुढें याच धर्तीवर एकशें एक भाषांचा संग्रह झाला. त्यांत मराठी होती. ओळ पूर्णविरामानें संपली तरच ती घ्यावी, हा इंग्रजीसाठींचा नियम येथें चालेना. हिंदी वाक्य दंडानें संपतें. म्हणून नवा नियम आला: ज्या पानावर दोनशें किंवा अधिक अक्षरचिन्हांच्या निदान तीन ओळी आहेत तेंच पान ठेवावें. वर्तमानपत्राच्या लेखाला हा नियम सोपा आहे. परंतु ओवी, अभंग, लावणी, म्हणी यांचें काय? ओवीचा चरण दोनशें चिन्हांपर्यंत कधींच जात नाहीं. ज्या पानावर केवळ अभंग छापलेले आहेत, तें ह्या चाळणींतून खालीं पडावयाचेंच. त्यांत कोणाचा आकस नव्हता. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें गद्य होतें, इतकेंच.

आणि जें उरलें तें तरी त्या त्या भाषेचें असतें काय? २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तपासणींत निरनिराळ्या भाषांचे २०५ संग्रह त्या भाषा जाणणाऱ्या लोकांनीं हातानें चाळले. पंधरा संग्रहांत उपयोगी पडेल असा मजकूर मुळींच आढळला नाहीं. वर नांव एका भाषेचें, आंत माल दुसऱ्याच भाषेचा, असेंहि निघालें. संग्रह खुले होते म्हणूनच हा दोष उघडकीस आला, ही गोष्ट टीकाकारांनीं विसरूं नये. बंद तिजोरींतील मालाची अशी तपासणी बाहेरच्या माणसास करतां आली नसती.

तथापि एक आक्षेप असा आहे कीं, त्याची वाट ‘खुलें’ या शब्दानें लागत नाहीं. पान सर्वांस वाचावयास उघडें आहे, म्हणून तें सर्वांचें झालें काय? वाचनालयांतील पुस्तक वाचणें आणि त्याच्या हजार प्रती काढून विकणें यांतला भेद शाळकरी मुलालाहि कळतो. २०२३ सालीं न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें आपला मजकूर कॉमन क्रॉलच्या संग्रहांतून काढून टाकण्याची मागणी केली, आणि त्याच वर्षीं २७ डिसेंबर रोजीं ओपनएआय व मायक्रोसॉफ्ट यांवर दावा लावला. कॉमन क्रॉल त्यांत प्रतिवादी नव्हती. परंतु तिच्या संग्रहाचा उल्लेख फिर्यादींत ठळकपणें होता. त्याच सुमारास अनेक प्रकाशकांनीं दारावरच्या पाटीवर सीसीबॉटचें नांव लिहून त्यास मनाई केली. २०२४ च्या एका अभ्यासानुसार सी-फोरमधील नित्य राखल्या जाणाऱ्या महत्त्वाच्या स्थळांचा चौथ्या हिश्शाहून अधिक मजकूर केवळ एका वर्षांत अशा बंदीखालीं गेला.

लेखकाची तक्रार खोटी नाहीं. त्याच्या श्रमावर दुसरा धनवान् होतो आणि त्याला विचारणारें कोणी नसतें. पण दार लावल्यानें अडतें कोण, हेंहि पाहिलें पाहिजे. मोठ्या कंपन्यांजवळ स्वतःचीं यंत्रें आहेत, जुन्या नकला आहेत, आणि प्रकाशकांशीं करार करण्यास पैसा आहे. ज्याच्याजवळ यांतील कांहींच नाहीं तो विद्यापीठांतील अभ्यासक बाहेर राहतो. म्हणजे ज्यांच्यावर राग, ते आंत. आणि ज्यांच्यासाठीं कोठार बांधलें, ते उंबरठ्यावर. संस्थेची स्थितीहि पूर्वींसारखी राहिलेली नाहीं. पुष्कळ वर्षें ती मुख्यत्वें संस्थापकाच्या देणगीवर, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांनिशीं चालली. अलीकडे ह्या धंद्यांतील कंपन्यांच्याहि देणग्या तिला मिळूं लागल्या आहेत. कोठारास धान्य खाणारांनीं हातभार लावावा हें योग्यच. मात्र त्यामुळें लोक तिच्याकडे अधिक बारकाईनें पाहूं लागले आहेत.

मराठीचा वांटा किती, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. एकट्या इंग्रजीनें चाळीस टक्क्यांहून अधिक पानें व्यापलेलीं आहेत. २०११ च्या शिरगणतींत मराठी ही मातृभाषा सांगणारे आठ कोटि तीस लाख लोक होते. परंतु संग्रहांतील हजार पानें घेतलीं तर त्यांत मराठीचें पुरें एक पानहि सांपडत नाहीं. कांहीं दोष आपल्याकडचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी स्थळांवर निरनिराळ्या कारखानदारांचे टाइप वापरीत. पडद्यावर देवनागरी अक्षर दिसे, पण यंत्राच्या पोटांत त्या जागीं रोमन लिपींतील एखादी खूण असे. ज्याच्याजवळ तोच टाइप नाहीं त्याला तें लिखाण म्हणजे निव्वळ गोंधळ. पाखडणाऱ्या यंत्रानें तें टाकून दिलें तर नवल नाहीं. जुनीं मासिकें, ग्रामपंचायतींच्या सूचना, संस्थांचे अहवाल यांचीं पुष्कळ ठिकाणीं केवळ छायाचित्रें चढविलेलीं असतात. संग्रहाचा भर मजकुराच्या पानांवर असल्यामुळें चित्रांतील अक्षरें त्याच्या हिशेबीं येत नाहींत.

ऑगस्ट २०१८ पासून सूचींत प्रत्येक पानाची भाषा यंत्रानें ओळखून नोंदलेली असते. त्यामुळें सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यासहि फक्त मराठी पानांचे पत्ते मागतां येतात, आणि तेवढींच पानें घरच्या संगणकावर उतरून घेतां येतात. कोणाकडे अर्ज करावा लागत नाहीं. मात्र हातीं आलेल्या ढिगांत लिपीच्या साम्यामुळें कांहीं हिंदी, कांहीं नेपाळी, आणि गोव्याकडची कांहीं कोंकणी पानेंहि मिसळलेलीं असण्याचा संभव असतो. तीं वेगळीं काढण्याचें काम त्याला स्वतः बसून, मराठी वाचतां येणाऱ्या डोळ्यांनींच, करावें लागतें.