आठचा आकडा कुठे ठेवायचा?

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. त्याला पावभाजी फार आवडते, पण हॉटेलात वेटर समोर उभा राहिला की तो इडली मागवतो. ‘प’ म्हणायला ओठ मिटतात आणि उघडतच नाहीत. ‘इ’ त्या मानाने लवकर सुटतो. तीन वर्षांचा असल्यापासून तो बोलताना अडखळतो. मी त्याचा सख्खा मामा, त्यात डॉक्टर. तरीही त्याला इडलीच आवडते असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. खरी गोष्ट कळली ती गेल्या दिवाळीत, एका खेळामुळे.

बहीण मुलाला घेऊन सुट्टीत आमच्याकडे आली होती. रात्री जेवणं आटोपल्यावर माझ्या मुलीने टेबलावर कागद, पेन्सिली आणि नाना आकारांचे फासे मांडले. तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. पाचवा गडी कमी पडत होता, म्हणून मलाही बसवलं.

कागदावरचा माणूस

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी तो 1974 साली प्रसिद्ध केला. त्याआधी टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळल्या जात आणि प्रत्येक खेळाडू अख्खं सैन्य हलवत असे. या दोघांनी सैन्य काढून टाकलं आणि प्रत्येकाच्या हाती एकच माणूस दिला. पट असलाच पाहिजे असं नाही. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगतात. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं काही नसतं.

खेळायच्या आधी मात्र प्रत्येकाला आपलं पात्र तयार करावं लागतं, आणि नवशिक्याची पहिली संध्याकाळ त्यातच जाते. योद्धा, जादूगार, चोर, भाट अशा बारा वर्गांतून एक निवडायचा. पात्र माणूस आहे की बुटका नोम की आणखी कोणी, पूर्वी काय काम करत होतं, हे ठरवायचं. मग सहा गुणांपुढे सहा आकडे लिहायचे: बळ, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण आणि करिष्मा. करिष्मा म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप.

नवशिक्यांसाठी तयार आकडे असतात: 15, 14, 13, 12, 10 आणि 8. कुठला आकडा कुठल्या गुणाला द्यायचा, एवढंच आपल्या हाती. दहा म्हणजे सर्वसाधारण माणूस. आठ म्हणजे त्याहून जरा कमी. त्या आठला टाळता येत नाही, तो कुठेतरी ठेवावाच लागतो.

हे आकडे ठरवण्याची मूळ पद्धत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायची होती. तीन फाशांच्या 216 शक्यता असतात. त्यांपैकी फक्त एकीत 18 पडतात आणि फक्त एकीत 3. निम्म्याच्या आसपास वेळा बेरीज 9 ते 12 मध्येच येते. माणसांची उंची मोजली तरी आलेख असाच घंटेसारखा निघतो: मध्ये गर्दी, टोकांना तुरळक. या हिशोबात 8 किंवा त्याहून कमी बेरीज साधारण चारांत एकदा येते. म्हणजे आठ हा काही आजार नव्हे. बाह्यरुग्ण विभागात रोज कोणी ना कोणी रिपोर्टमधला एक आकडा जरासा खाली आला म्हणून घाबरून येतो, त्याला मी हेच समजावत असतो. मी जादूगार निवडला आणि माझा आठ एका कोपऱ्यात लिहून मोकळा झालो.

दगडू

भाचा काय करेल, याचा मी मनाशी अंदाज बांधला होता. तो गप्प राहणारा योद्धा घेईल आणि आठ करिष्म्यात टाकेल. त्याने आठ बळात टाकला, 15 करिष्म्याला दिले आणि वर्ग निवडला भाटाचा. भाट म्हणजे बोलून आणि गाऊन काम साधणारा. शब्द हेच त्याचं हत्यार.

मग नाव. त्याने आधी ‘एलन’ लिहिलं. थोडा वेळ कागदाकडे बघत बसला. खोडलं आणि लिहिलं, ‘दगडू’. नोम जातीचा तीन फुटी भाट, नाव दगडू! सगळे हसले, तोही हसला. पण त्याच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरही ‘द’च आहे, आणि तो सर्वांत जास्त अडतो तो तिथेच.

मी विचारलं, “अरे, सोपं नाव का नाही घेतलंस?”

तो म्हणाला, आणि हे वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, “मामा, सोपं तर मी रोजच मागवतो. हॉटेलात.” मग पावभाजीची गोष्ट बाहेर आली. बहीण पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली.

अडखळणं म्हणजे काय

तोतरेपणा बहुतेक वेळा दोन ते पाच या वयात सुरू होतो. सुमारे वीसातल्या एका मुलात तो केव्हा ना केव्हा दिसतो आणि बहुतेकांचा आपोआप किंवा थोड्या उपचारांनी जातो. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एकाला तो राहतो. पुरुषांत तो बायकांच्या कितीतरी पट आढळतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. मेंदूतली बोलण्याची जुळणी थोडी वेगळी असते, एवढंच त्याचं मूळ. आई रागावली, मूल घाबरलं किंवा कोणाची नक्कल केली म्हणून तो होत नाही. भीतीने वाढतो मात्र नक्की. बुद्धीशी त्याचा काहीही संबंध नाही.

अडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते पक्कं ठाऊक असतं, शब्द मात्र निघत नाही. म्हणून तो शब्द बदलतो. पावभाजीची इडली होते. वर्गात उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हटलं जातं, कारण ते म्हणायला सोपं असतं. पुष्कळांना सर्वांत अवघड जातं ते स्वतःचं नाव, कारण तेवढा एकच शब्द बदलता येत नाही. बाहेरून अडखळणं कमी दिसत असेल, तर कधी कधी त्याचा अर्थ इतकाच असतो की मुलाने अवघड शब्द टाकून दिले आहेत.

गाताना, कोणाबरोबर एका सुरात वाचताना किंवा नाटकात दुसऱ्याची भूमिका करताना अनेकांचं अडखळणं कमी होतं, हे वाक्‌तज्ज्ञांना पूर्वीपासून माहीत आहे. त्यामुळे दगडू झाल्यावर भाचा घडाघडा बोलू लागेल, अशी मला आशा वाटली.

फासा ठरवतो

तसं काही झालं नाही. वेशीवर पहारेकरी आडवा आला. माझी मुलगी त्याच्या आवाजात म्हणाली, “कोण रे तू? नाव काय?” भाचा ‘द’वर अडकला. एकदा, दोनदा, मग नुसताच ताणलेला जबडा. माझ्या ओठांवर ‘दगडू’ आलं होतं. मुलीने टेबलाखालून माझा पाय दाबला. ती पहारेकऱ्यासारखीच त्याच्याकडे बघत राहिली. ना मान वळवली, ना घाई केली. शेवटी नाव आलं, आणि मग आत सोडण्याची विनंती.

आता फासा. पहारेकऱ्याचं मन वळवायला पंधरा हवे होते. भाटाच्या पूर्वीच्या कामामुळे दगडूचा करिष्मा 17 झाला होता, त्याबद्दल तीन आणि मन वळवण्याच्या सरावाबद्दल दोन, असे पाच फाशात मिळवायचे. म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर दहा किंवा जास्त पडले की काम झालं. शक्यता 55 टक्के. करिष्मा आठ असता आणि सराव नसता, तर फाशातून उलट एक वजा झाला असता आणि शक्यता 25 टक्क्यांवर आली असती. या हिशोबात खेळणारा कसा बोलला, याला कुठेच जागा नाही. तो अडखळला की अस्खलित बोलला, हे नियम विचारत नाहीत. काय म्हणायचं आहे ते विचारतात.

फाशावर चार पडले. चार अधिक पाच, नऊ. पहारेकऱ्याने दगडूला हाकललं आणि भाचा पोट धरून हसला. त्याचं म्हणणं फसलं होतं, पण या वेळी जिभेमुळे नव्हे, फाशामुळे. असं हसताना मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

भीती आणि पुरावा

बहिणीने दुसऱ्या दिवशी विचारलंच, “दादा, दहावीच्या वर्षात ही भुताखेतांची खेळणी बरी का?” हा प्रश्न अमेरिकेत 1980च्या दशकात मोठ्या आवाजात विचारला गेला होता. या खेळाने मुलं सैतानपूजेला लागतात, आत्महत्या करतात, असे आरोप झाले आणि त्याविरुद्ध संघटनाही उभी राहिली. अभ्यासकांनी तपासलं तेव्हा खेळ आणि आत्महत्या यांचा कार्यकारणसंबंध आढळला नाही. जे लाखो लोक खेळतात, त्यांच्यापैकी काही जण दुःखी असणारच. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही.

पण हाच नियम मला माझ्या आनंदालाही लावायला हवा. या खेळाने तोतरेपणा बरा होतो, असा पुरावा नाही. भाच्याचं अडखळणं दिवाळीआधी होतं तेवढंच आजही आहे. एका मुलाच्या एका संध्याकाळीवरून उपचार ठरत नाहीत. तोतरेपणाचा उपचार वाक्‌तज्ज्ञाकडेच होतो. लहान मूल काही महिने अडखळत असेल, बोलताना चेहरा ताणत असेल किंवा बोलणंच टाळू लागलं असेल, तर ‘मोठं झालं की जाईल’ म्हणून थांबू नये. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात याची चौकशी करावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था आहे. पंधराव्या वर्षीही उशीर झालेला नसतो. अडखळणं पूर्ण गेलं नाही तरी त्याची भीती आणि शब्द टाळण्याची सवय कमी करता येते. भाच्याची वाक्‌तज्ज्ञाकडची पहिली भेट आम्ही दिवाळीनंतर घेतली; ती दहा वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती.

घरच्यांनी काय करावं

माझ्या मुलीने टेबलावर जे केलं, तेच वाक्‌तज्ज्ञ घरच्यांना सांगतात. मुलाचं वाक्य आपण पुरं करू नये. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’, ‘आधी विचार कर’ असं म्हणू नये. हेतू चांगला असला तरी मुलाला ‘तुझं चुकलं’ एवढंच ऐकू येतं. नजर वळवू नये. आपण स्वतः थोडं हळू बोलावं. तो कसं बोलतोय याकडे लक्ष न देता काय बोलतोय याला उत्तर द्यावं. पाहुण्यांसमोर ‘नाव सांग काकांना’ असा आग्रह धरू नये, आणि त्याच्या वतीने नाव सांगूनही टाकू नये.

मला यातलं सगळं माहीत होतं. रुग्णालयात पालकांना मी हे सांगतोही. घरी मात्र दहा वर्षं त्याची वाक्यं मीच पुरी करत आलो, आणि त्याला मी मदत समजत होतो.

माझ्या त्या जादूगाराचं सांगायचं राहिलं. मी त्याला मोठा विद्वान केला होता. 15 बुद्धीला, आठ शहाणपणाला. डॉक्टरला बुद्धी लागते, असा साधा हिशोब. मध्यरात्रीच्या सुमारास आमची एक साथीदार जखमी होऊन पडली. मी ऐटीत म्हणालो, “मी तपासतो.” दहा हवे होते आणि फाशावर बरोबर दहा पडले. मी हात वर केले. भाच्याने मान हलवली आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शब्द अडला. मी थांबलो. टेबलावर सगळेच थांबले.

“मामा,” तो म्हणाला, “या खेळात वैद्यकी बुद्धीत नाही येत. शहाणपणात येते. तुझा तिथे आठ आहे. एक वजा कर.”