पाकिटावरचं नाव आणि आतला गांजा

बोम्मसंद्रा हे बंगळूर मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं शेवटचं स्थानक. १० ऑगस्ट २०२५ ला या मार्गिकेचं उद्घाटन झालं आणि होसूर रस्त्यावरच्या कारखान्यांत, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपन्यांत जाणाऱ्यांची रोजची रखडपट्टी जरा कमी झाली. या पट्ट्यात बेळगाव-निपाणीकडून, सोलापूर-कोल्हापूरकडून नोकरीसाठी आलेली मराठी मुलं पुष्कळ. त्यांचेच मित्र आणि भावंडं टोरांटोला, डेन्व्हरला, कॅलिफोर्नियात असतात. सुट्टीवर आली की तिथल्या दुकानांचं वर्णन करतात: काचेच्या कपाटात ओळीनं मांडलेल्या, आधीच वळून ठेवलेल्या गांजाच्या सिगारेटी. त्यांना तिकडे प्री-रोल म्हणतात. थोड्या प्रमाणात, निगुतीनं केलेला माल असेल तर त्याला ‘क्राफ्ट’ म्हणायचं आणि दोन पैसे जास्त घ्यायचे. पाकिटावर वाणाचं नाव आणि टीएचसीचं, म्हणजे नशेच्या द्रव्याचं, प्रमाण छापलेलं असतं. चव लिहिलेली असते: लिंबू, आंबा, पाइन, अगदी डिझेलसुद्धा. अमेरिकेतल्या दुकानांत त्यापुढे परिणामही सांगितला जातो, हा झोपेसाठी, हा उत्साहासाठी, हा कल्पकतेसाठी.

तीच भाषा आता इथेही ऐकू येते. बंगळूरच्या केम्पेगौडा विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात ‘हायड्रो गांजा’, म्हणजे बंद खोलीत मातीशिवाय वाढवलेला उंची गांजा, अलीकडे पुन्हा पुन्हा सापडला आहे. त्याची किंमत ठरते ती वाणाच्या नावावर. म्हणून प्रश्न नीट विचारायला हवा. नावावरून वास कळतो का? वासावरून परिणाम कळतो का? उपलब्ध संशोधन वाचून माझं मत असं झालं आहे की वासाबद्दलचे दावे बऱ्यापैकी खरे आहेत आणि परिणामाबद्दलचे बहुतेक पोकळ.

आधी झाडाकडे पाहू. भांग, गांजा आणि चरस एकाच झाडापासून मिळतात. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि फुलोऱ्यावरच्या राळेचा चरस. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीचा फुलोरा भिंगाखाली धरला तर त्यावर बारीक टाचण्या रोवल्यासारखे केस दिसतात. पारदर्शक देठ आणि टोकाला गोल थेंब. हा थेंब आधी स्वच्छ असतो, मग दुधाळ होतो, पुढे पिवळसर-तपकिरी होत जातो. नशेचं द्रव्य आणि वासाची द्रव्यं मुख्यतः या थेंबातच तयार होतात. ताज्या झाडात नशेचं द्रव्य आम्लाच्या रूपात असतं, ते तापलं की त्याचं टीएचसी होतं. इस्रायलचे रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये टीएचसी वेगळं काढून त्याची रचना मांडली. मादीवर पराग पडून बी धरलं की राळ कमी होते, म्हणून गांजाच्या शेतात नर झाडं दिसताक्षणी उपटून टाकतात.

वासाची द्रव्यं म्हणजे टर्पीन. ती आपल्या स्वयंपाकघरात रोज भेटतात. मिरी आणि लवंगेतलं कॅरिओफिलीन गांजातही असतं आणि धण्याच्या सुगंधातलं लिनॅलूलही. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, पाइनच्या राळेतलं पायनीन, आंब्यात आणि बिअरच्या हॉप्समध्ये असणारं मिर्सीन, हे सगळं कमीजास्त प्रमाणात त्या थेंबात असतं. गांजाचा जो उग्र, नाक मुरडायला लावणारा दर्प येतो, त्याचं कोडं मात्र २०२१ मध्ये सुटलं. तो टर्पीनचा नसून अत्यल्प प्रमाणातल्या गंधकयुक्त संयुगांचा आहे आणि लसणाच्या वासाला कारण असलेल्या संयुगांशी त्यांचं नातं आहे. तेव्हा एका वाणाला लिंबाचा वास आणि दुसऱ्याला मिऱ्याचा, यात थाप नाही. प्रयोगशाळेत तो फरक मोजता येतो.

पण हा वास टिकवणं अवघड, आणि प्री-रोलमध्ये सगळ्यात अवघड. टर्पीन हवेत उडून जातात. अख्खा फुलोरा डबीत बंद असेल तर ते बराच काळ राहतात. तोच फुलोरा दळून कागदात भरला की हवेला उघडा पडलेला भाग कितीतरी वाढतो आणि वास भराभर जातो. शिवाय स्वस्त प्री-रोलमध्ये बरेचदा फुलोरा छाटताना पडलेला चुरा आणि पानांचे तुकडे भरलेले असतात. क्राफ्ट म्हणवणारा उत्पादक थंड, बेताच्या दमट खोलीत फुलोरा सावकाश वाळवतो, हातानं छाटतो, अख्खा फुलोरा दळतो आणि लगेच भरतो. कॅनडानं अशा छोट्या उत्पादकांसाठी वेगळा परवाना काढला. सुरुवातीला त्याची मर्यादा २०० चौरस मीटर लागवडीची होती. या मेहनतीचा फरक चवीत पडतो, हे मला पटतं. वळल्याची तारीख आणि आत फुलोरा आहे की चुरा, या दोन गोष्टी वाणाच्या नावापेक्षा जास्त सांगून जातात.

परिणामाची गोष्ट वेगळी. दुकानातली सगळ्यात रुळलेली विभागणी म्हणजे ‘इंडिका’ शांत करणारी आणि ‘सॅटिव्हा’ तरतरी आणणारी. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसनं १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिलं ते युरोपात दोरासाठी लावल्या जाणाऱ्या झाडाला. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कनं १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मानली, कारण ती नशा आणणारी होती. झोप आणि तरतरी यांचा त्या वर्गीकरणाशी काही संबंध नव्हता. गेल्या ५०-६० वर्षांत तर अफगाण, थाई, मेक्सिकन आणि भारतीय झाडांचे इतके संकर झाले की शुद्ध काही उरलेलं नाही. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी जनुकं तपासली तेव्हा ‘इंडिका’ किंवा ‘सॅटिव्हा’ असं सांगून विकलेल्या नमुन्यांचा वंश आणि त्यांचं लेबल यांचा मेळ मध्यमच बसला. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सहा राज्यांमधल्या सुमारे ९०,००० नमुन्यांची रासायनिक आकडेवारी तपासली गेली, तिथेही या लेबलांवरून आत काय आहे हे ठरवता आलं नाही. एकाच नावाचे दोन उत्पादकांचे प्री-रोल दोन वेगळ्या वाणांइतके वेगळे निघू शकतात. टीएचसीचा आकडासुद्धा डोळे मिटून मानू नये. कोलोरॅडोत २०२३ मध्ये झालेल्या एका तपासणीत बहुतेक पाकिटांवरचा आकडा प्रत्यक्षापेक्षा फुगवलेला निघाला.

टर्पीन परिणामाला वळण देतात का? हे अजून पुरतं सिद्ध झालेलं नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एका छोट्या प्रयोगात टीएचसीसोबत लिमोनीन दिल्यावर घाबरेपणा कमी झाला, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. धागा उत्सुकता वाढवणारा आहे. पण तेवढ्यावर पाकिटावर ‘निश्चिंत’ असं छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

गांजाची प्रत आणि परिणाम यांची तपासणी आपल्याकडे कुणी केलीच नव्हती असं नाही, उलट फार बारकाईनं झाली होती. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत दारूबंदीचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस. केन यांनी हिंदुस्थानातल्या गांजाबद्दल प्रश्न विचारला. त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. कमिशन देशभर फिरलं, १,१९३ साक्षीदारांचं म्हणणं ऐकलं आणि १८९४ मध्ये कित्येक खंडांचा अहवाल दिला. मुंबई इलाख्यात गांजाची शेती मुख्यतः आजच्या अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात होत होती. मध्य प्रांतात ती निमाड जिल्ह्यातल्या खांडवा तहसिलीपुरती बांधून टाकलेली होती आणि बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगाव भागापुरती.

त्या काळची प्रतवारी वाणाच्या नावावर नव्हती, बनवण्याच्या पद्धतीवर होती. फुलोऱ्याच्या डहाळ्या उन्हात पसरायच्या, ओळीनं उभं राहून पायांनी तुडवायच्या, उलटायच्या, ढीग लावायचा, पुन्हा पसरून तुडवायच्या. त्यानं राळ फुलोऱ्याला घट्ट चिकटून बसते आणि पान झडून जातं. हा झाला चपटा गांजा. बंगालमध्ये डहाळ्या लाटून गोल केल्या की गोल गांजा, आणि गळून पडलेल्या राळेदार फुलोऱ्याचा चूर. देठ जितके कमी तितकी राळ जास्त, म्हणून सरकार या तिन्हींवर वेगवेगळ्या दरानं कर घेत असे. नर झाडं शोधायला बंगालमधले शेतकरी अनुभवी पारखी बोलावत. तो शेतातून चालत जाई आणि मोडायची झाडं दाखवत जाई. किती राळ आणि किती काडीकचरा, हे त्या प्रतवारीतून गिऱ्हाइकाला सरळ कळत होतं. आजच्या रंगीत पाकिटापेक्षा मला ती जास्त प्रामाणिक वाटते.

कमिशनचं सगळ्यात मोलाचं काम वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदींबाबत झालं. ‘गांज्यामुळे वेड लागलं’ अशा नोंदी ढिगानं होत्या. कमिशननं एकेक प्रकरण उलगडलं तेव्हा दिसलं की रोग्यासोबत आलेल्या पोलिसांच्या कागदावरचं कारण पुष्कळदा चौकशीशिवाय तसंच उतरवलं जात होतं. बेतानं केलेल्या सेवनानं फारसा अपाय होत नाही, अतिरेक घातक, आणि पूर्ण बंदी गरजेची नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष आज अनेकजण पुढे करतात. मला त्यात एक मोठी अडचण दिसते. कमिशननं पाहिलेला गांजा आणि आजचा गांजा एक नाही. अमेरिकेत पकडलेल्या मालात टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होतं, २०१४ मध्ये १२ टक्क्यांच्या घरात गेलं. दुकानातला फुलोरा आज सहज २० टक्क्यांवर असतो. वरून राळेचा अर्क चोपडलेले प्री-रोल तर ३०-४० टक्क्यांपर्यंत जातात.

सेवनाची रीतही बदलली. गांजेकस गांजा पाण्यात धुऊन, हातावर तंबाखूबरोबर मळून चिलमीत भरत, बुडाला ओली छापी, म्हणजे फडकं, धरत आणि चिलीम वर्तुळात फिरे. एकाच्या वाट्याला एकदोन झुरके. प्री-रोल अर्ध्या किंवा एक ग्रॅमचा, एकट्यानं संपवायचा. गांजाची सिगारेट ही कल्पनाही नवी नाही म्हणा. डॉ. डब्ल्यू. बी. ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये कलकत्त्यात गांजाच्या औषधी उपयोगावर प्रबंध वाचला, पुढे युरोपात त्याची औषधं निघाली आणि पॅरिसची ग्रिमो कंपनी दम्यासाठी ‘इंडियन सिगारेट’ विकत होती.

परिणाम ठरतो तो मात्रेवर, घेण्याच्या रीतीवर आणि घेणाऱ्यावर. धूर ओढला की काही मिनिटांत चढतो, दोन-तीन तासांत उतरू लागतो. भांग पोटात गेली की अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच जाणवत नाही, कारण यकृतात टीएचसीचं आणखी प्रभावी रूप बनत असतं. मग ते एकदम चढतं आणि रात्रभर राहतं. होळीला ‘काही झालंच नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे यातच फसतात. घेणाऱ्याचं वय तर फार महत्त्वाचं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणांच्या अभ्यासात, १० टक्क्यांहून तीव्र गांजा रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा झटका येण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या सुमारे पाचपट दिसली. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालूच असते. घरात कुणाला असा मनोविकार असेल तर त्यानं या वाटेला जाऊच नये, असं मी अगदी कळकळीनं सांगेन. होसूर रस्त्यावरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

राहिला कायदा. अमली पदार्थांबाबतचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांग बाहेर राहिली. २०२२ च्या जूनमध्ये बंगळूरच्या बेगूर पोलिसांनी एकाला २९ किलो भांग आणि ४०० ग्रॅम गांजासह पकडलं. कर्नाटक उच्च न्यायालयानं त्याला जामीन देताना म्हटलं की भांग या कायद्यानं निषिद्ध ठरवलेली नाही, आणि गांजा तर एक किलोच्या ‘अल्प’ मर्यादेत आहे. सीमा ओलांडून महाराष्ट्रात आलं की मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवायची भांगही गुन्हा ठरते. बियांना २०२१ पासून खाद्य म्हणून मान्यता आहे, बियांचं तेल आता राजरोस मिळतं.

‘अल्प’ म्हणजे माफ, असा मात्र अनेकांचा गैरसमज आहे. एक किलोपर्यंतच्या गांजालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि खिशातला एक प्री-रोल त्यातच मोडतो. कायद्याला वाणाशी किंवा चवीशी काही देणंघेणं नाही. चरसाची अल्प मर्यादा तर १०० ग्रॅमच आहे. परदेशातून आणलं तर आयातीचं कलम लागतं. टोरांटोत रीतसर पावती घेऊन विकत घेतलेलं पाकीट बॅगेत टाकून विमानात बसणाऱ्यानं आणखी एक ध्यानात ठेवावं: कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, पण तो देशाबाहेर नेणं हा खुद्द कॅनडाच्याच कायद्यानं गुन्हा आहे.