वास्साची वाडी

इंग्रजीची जुजबी ओळख असलेल्या एखाद्या गृहस्थाने वॉशिंग्टन या नावाची फोड करावयाची म्हटले, तर तो ‘धुणे’ आणि ‘गाव’ अशी दोन पदे वेगळी काढील, आणि हे पूर्वी परिटांचे गाव असले पाहिजे असा निकाल देऊन मोकळा होईल. निकाल सुटसुटीत आहे आणि सपशेल चुकीचा आहे. नाव आज जसे लिहिले जाते तसेच ते जन्मले असेल, हा समज भल्याभल्यांना चकवतो. म्हणूनच स्थलनामांच्या शास्त्राचा पहिला दंडक असा, की आजचे रूप बाजूला ठेवावे, जुनी दप्तरे उघडावीत, आणि नावाचा जो सर्वांत प्राचीन लेखी दाखला सापडेल तेथून विचाराला आरंभ करावा. इंग्लंडात १९२३ साली स्थापन झालेल्या स्थलनाम-संशोधन मंडळाने परगण्यामागून परगणा घेऊन हेच किचकट काम चिकाटीने चालविले आहे.

वॉशिंग्टन हे मूळचे इंग्लंडच्या ईशान्येकडील, डरॅमच्या बिशपच्या अमलाखालचे एक गाव. बिशप ह्यू द पुईसे याने ११८३ साली आपल्या मुलखाची जमाबंदी करविली, आणि कोणत्या गावाकडून किती पैका, किती धान्य व कोणती चाकरी येणे आहे याचा जो तपशील लिहवून घेतला, तो ‘बोल्डन बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात हे गाव ‘वास्सिंगटोना’ अशा रूपात येते. शेवटचा स्वर लॅटिन कारकुनीचा. तो गाळला की राहते ते ‘वास्सिंगटोन’. त्यात धुण्याचा मागमूसही नाही. ‘स’चा ‘श’ मागाहून झाला, आणि परिटांचा प्रवेश त्या ‘श’बरोबरचा.

वास्सा हे एका पुरुषाचे नाव. आकारान्त आखूड नावे अँग्लो-सॅक्सन पुरुषांत सर्रास असत; पेंडा आणि ऑफा हे तर राजेच होते. मधला ‘इंग’ हा संबंधदर्शक प्रत्यय. राहिला ‘टून’, आणि तो विशेष रोचक आहे. या शब्दाचा मूळ अर्थ कुंपण. जर्मन भाषेत त्याचा सगोत्र शब्द आजही कुंपणालाच लावतात, डच भाषेत तोच बागेचा वाचक झाला, आणि इंग्रजीत कुंपणातले घर, मग शेतवस्ती, मग गाव आणि अखेरीस शहर अशी त्याची बढती होत गेली. मराठी वाचकाला हा प्रवास परका वाटू नये, कारण संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण वा कुंपणाने वेढलेली जागा, आणि त्याच्याच कुळात वाटिका, वाडा व वाडी जन्मली. कोकणात माडांची बाग ती वाडी आणि दहा घरांची वस्ती तीही वाडीच. तेव्हा वॉशिंग्टनचे चोख मराठी ‘वास्साची वाडी’ असे होईल. हा वास्सा कोण, याविषयी एक अक्षरही उरलेले नाही.

दाखल्यांची शिस्त किती कामाची, हे शेजारच्या दोन नावांवरून कळते. दक्षिणेकडील ससेक्समध्ये दुसरे एक वॉशिंग्टन आहे. दहाव्या शतकातील सनदेत ते ‘वेस्सिंगाटून’ असे लिहिले आहे, आणि त्या मधल्या षष्ठी बहुवचनामुळे त्याचा अर्थ वास्साच्या माणसांची वाडी असा किंचित निराळा होतो. उलट डर्बीशायरमधील वेसिंग्टन वरकरणी सख्खा भाऊ वाटतो. पण १०८६ च्या डूम्सडे पाहणीत त्याची नोंद ‘विस्टानेस्टुने’ अशी आहे, आणि त्याचा धनी वास्सा नसून विग्स्तान नावाचा इसम होता, हे त्यावरून उघड होते.

आता आडनावाकडे वळू. बोल्डन बुकात या गावाचा धारक म्हणून विल्यम द हर्टबर्न याचे नाव आहे. हर्टबर्न हे त्याचे पूर्वीचे गाव. ते बिशपला सोडून देऊन बदल्यात त्याने वॉशिंग्टन घेतले, आणि सालिना चार पौंड व बिशपच्या मोठ्या शिकारीस चार शिकारी कुत्र्यांसह हजेरी एवढ्या बोलीवर ते त्याच्याकडे चालले. जमीन बदलली तसे नावही बदलले; हर्टबर्नचा विल्यम आता वॉशिंग्टनचा विल्यम झाला. आपल्याकडील ‘कर’ प्रत्यय बहुधा गाव सोडून गेलेल्याला चिकटतो. येथे मात्र गावाचा नवा धनीच गावाचे नाव धारण करतो. बाराव्या शतकातले हे उपनाम अजून जमिनीला बांधलेले होते. पुढच्या दोन शतकांत अशी उपनामे वंशपरंपरागत होऊन जमिनीपासून सुटली.

या घराण्यातील लॉरेन्स वॉशिंग्टन याने १५३९ साली नॉर्थम्प्टनशायरमध्ये सल्ग्रेव्ह येथील जमीन खरेदी केली. त्याचा वंशज जॉन १६५६ मध्ये व्हर्जिनियात उतरला, आणि जॉनचा पणतू जॉर्ज १७३२ साली जन्मला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. माणसावरून वाडीला व वाडीवरून माणसाला मिळालेले नाव १७९१ मध्ये पुन्हा भूमीवर उतरले, आणि अमेरिकेच्या नव्या राजधानीला लाभले. १८५३ साली पश्चिम किनाऱ्यावरील एका प्रांताला ‘कोलंबिया’ म्हणावे असा ठराव होता. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्याशी घोटाळा होईल म्हणून तो बदलून त्यास वॉशिंग्टन म्हटले गेले. घोटाळा टाळण्याचा याहून विनोदी उपाय शोधूनही सापडणार नाही.

जनरल जॉर्ज वॉशिंग्टनच्या कीर्तीमुळे हे आडनाव पाळण्यातले नावही झाले; १७८३ साली जन्मलेला लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंग हा त्याचा ठळक दाखला. आडनाव म्हणून त्याचे पुढे काय झाले, हे २००० सालच्या अमेरिकन खानेसुमारीत दिसते: हे आडनाव लावणारे सुमारे १,६३,००० लोक भरले आणि त्यांपैकी शेकडा ९० कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी संपल्यावर लक्षावधी माणसांना सरकारदरबारी आडनाव सांगणे भाग पडले, आणि ते अनेकांनी स्वतः निवडले. व्हर्जिनियात १८५६ च्या सुमारास गुलामीत जन्मलेला बुकर शाळेत गेला, तेव्हा हजेरीच्या वेळी इतर मुलांना दोन-दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच, हे त्याच्या ध्यानी आले. पाळी येताच त्याने शांतपणे ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगून टाकले. वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचे पाळण्यातले नाव होते. आईने जन्मतःच आपल्याला ‘बुकर टालियाफेरो’ असे नाव ठेवले होते, हे त्याला पुढे समजले आणि ते त्याने मधल्या जागी घातले. टालियाफेरो हा शब्द मुळात इटालियन, अर्थ लोखंड कापणारा. व्हर्जिनियातली जुनी माणसे लिहितात टालियाफेरो आणि उच्चारतात टॉलिव्हर.