तारखांचा रकाना आधी बघा

मुलांना कमर्शियल पायलट करायला परदेशी पाठवायचं ठरवलेले आईवडील माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात दोन-तीन फ्लाइंग स्कूलचे फीचे कागद असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, ‘मॅडम, यातलं स्वस्त कोणतं?’ मी पुण्यात पायलट होऊ पाहणाऱ्यांना नेव्हिगेशन आणि मिटिऑरॉलॉजी शिकवते. माझं स्वतःचं फ्लाइंग अ‍ॅरिझोनात झालं. फीचे कागद बाजूला ठेवून मी सांगते, तिथे आत्ता शिकत असलेला एखादा विद्यार्थी शोधा आणि त्याच्या लॉगबुकच्या एका पानाचा फोटो मागवा.

त्या पानावर डावीकडे तारखांचा रकाना असतो. ४, ५, ७, ८, १० अशा तारखा दिसल्या तर मुलगा उडतोय. ४, मग ११, मग थेट २६ असं दिसलं तर पैसे वाहून चालले आहेत. लँडिंग हातात बसावं लागतं, आणि पंधरा दिवसांचा खंड पडला की पुढच्या तासातला निम्मा वेळ मागचं परत बसवण्यात जातो. बिल मात्र पूर्ण तासाचं लागतं. पॅनेलवरचं हॉब्स मीटर इंजिन चालू झालं की तासाच्या दहाव्या भागाने, म्हणजे सहा-सहा मिनिटांनी पुढे सरकतं. रनवेच्या तोंडाशी पाच विमानांमागे थांबलात तरी ते सरकतच राहतं. त्यामुळे तासाचा दर कमी असलेलं स्कूल शेवटी महाग पडलेलं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

खंड पडतो कशामुळे? पहिलं कारण विमानं. ‘आमचा वीस विमानांचा ताफा आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. पैसे घेऊन शिकवणीला वापरलेल्या विमानाची अमेरिकेत दर १०० तासांनी तपासणी करावीच लागते. रोज पाच-सहा तास उडणारं सेसना १७२ तीन आठवड्यांत हँगरमध्ये जातं. स्कूलचे स्वतःचे मेकॅनिक असले तर ते दोन-चार दिवसांत बाहेर येतं, नसले तर रांगेत पडून राहतं. म्हणून ताफ्याचा आकडा विचारू नका. आज सकाळी उडण्याजोगी किती विमानं होती आणि त्यांवर किती विद्यार्थी आहेत, हे विचारा. मल्टि-इंजिन विमानाबद्दल तर वेगळं विचारा. बऱ्याच ठिकाणी ते एकच असतं, आणि ते बंद पडलं की शेवटच्या टप्प्यावर आलेली सगळी मुलं एकदम अडकतात.

दुसरं कारण हवामान, आणि हा माझा विषय असल्याने त्यावर जरा थांबते. अ‍ॅरिझोना, टेक्सास, फ्लोरिडा ही नावं सारखी ऐकू येतात त्यामागे जुना अनुभव आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने आपल्या वैमानिकांना शिकवण्यासाठी अमेरिकेत ज्या शाळा चालवल्या, त्यांतली एक अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे फाल्कन फील्डवर १९४१ साली सुरू झाली. निरभ्र आकाश आणि मोकळी जमीन तिथे मुबलक होती. आजही त्या धावपट्टीवर शिकाऊ विमानांची वर्दळ असते. पण निरभ्र आकाश म्हणजे सोपी हवा नव्हे. जूनमध्ये तिथे पारा ४३ अंशांवर जातो, हवा विरळ होते, आणि जेमतेम १४०० फुटांवरच्या त्या विमानतळावर विमान असं वागतं, जणू ते कळसूबाईच्या माथ्याजवळून उडू पाहतंय. धावपट्टी जास्त लागते, चढ मंदावतो. म्हणून उन्हाळ्यात मुलं पहाटे अंधारातच विमानाची तपासणी करायला जातात. फ्लोरिडात अडचण वेगळी. उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्री वारे आत येतात, द्वीपकल्पाच्या मध्यावर भिडतात आणि दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. तिथल्या स्कूलने सकाळचे स्लॉट फक्त जुन्या मुलांना दिले, तर नव्या मुलाचा उन्हाळा बसून जातो. ‘वर्षातून ३०० दिवस सूर्यप्रकाश’ ही जाहिरात खरी असेलही, तरी तुमच्या मुलाला दिवसातला कोणता तास मिळणार हे त्यातून कळत नाही.

आणि शिकवणारे? २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ एक प्रवासी विमान कोसळलं. त्यानंतर २०१३ पासून तिथे एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलाही साधारणपणे १५०० तास लागतात. हे तास भरण्यासाठी तरुण पायलट इन्स्ट्रक्टर होतात, आणि एअरलाइनची भरती जोरात असली की तास पुरे होताच निघून जातात. मध्येच इन्स्ट्रक्टर बदलला की नवा आधी तुम्हाला जोखणार, त्यात तास जाणार. वर्षभरात एका विद्यार्थ्याचे किती इन्स्ट्रक्टर बदलले, हे म्हणून विचारायचं. चेकराइड, म्हणजे शेवटची उड्डाण परीक्षा, बहुतेक ठिकाणी बाहेरचा परीक्षक घेतो. त्याची तारीख मिळायला किती आठवडे लागतात तेही विचारा. आणखी एक आकडा मागायचा तुम्हाला हक्क आहे. अमेरिकन विमान नियमांतल्या ‘पार्ट १४१’ची मान्यता टिकवायला स्कूलचे किमान ८० टक्के विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात पास व्हावे लागतात. हा निकाल सांगायला जे स्कूल टाळाटाळ करतं, ते माझ्या यादीतून जातं.

आता तासांचा हिशेब, कारण इथे हुशार मुलंही फसतात. पार्ट १४१ च्या अभ्यासक्रमात अमेरिकन कमर्शियल परवाना १९० तासांत मिळू शकतो. आपल्या डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, २०० तास लागतात, त्यांतले १०० पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाचा जबाबदार वैमानिक म्हणून. शिवाय, प्रायव्हेट परवाना मिळाल्यावर इन्स्ट्रक्टर शेजारी असतानाचा तास अमेरिकन नियमांनुसार ‘ड्युअल’ आणि ‘कमांड’ अशा दोन्ही रकान्यांत लिहिता येतो. आपल्याकडे हे चालत नाही. सगळं आटोपून परत आलेल्या मुलाचे कमांडचे तास कमी भरले, तर ते इथे नव्याने उडून भरावे लागतात. म्हणून डीजीसीएची अट समोर ठेवून तास आखून देतो, असं स्कूलकडून लेखी घ्या. ज्यांनी याआधी भारतीय विद्यार्थ्यांचे परवाने इथे बदलून घेण्यापर्यंत साथ दिली आहे, त्यांना ही अट समजावून सांगावी लागत नाही.

पैशांबद्दल माझं मत कडक आहे: पूर्ण फी आगाऊ भरायची नाही, मग सवलत कितीही असो. नेवाडातली सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स ही संस्था अमेरिकेत ठिकठिकाणी शाखा असलेली. फेब्रुवारी २००८ मध्ये ती एका दिवसात बंद पडली, आणि सुमारे ७० हजार डॉलरचं कर्ज काढून आगाऊ फी भरलेली मुलं रस्त्यावर आली. आपल्याकडे हा पैसा घर किंवा शेत गहाण ठेवून उभा राहतो. खात्यावर थोडी रक्कम ठेवावी, उडाल तशी ती वळती व्हावी, उरलेली परत कशी मिळेल हे करारात असावं. दरात इंधन, इन्स्ट्रक्टर, परीक्षकाची फी धरली आहे का, तेही बघा. आणि निर्णय लवकर घ्या: अमेरिकेच्या एम-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला पहिल्या सहा महिन्यांनंतर एरवी स्कूल बदलता येत नाही. पाचव्या महिन्यात तारखांचा रकाना विरळ दिसत असेल, तर तेव्हाच हालचाल करावी लागते.

जायलाच हवं का, असंही लोक विचारतात. बारामती, गोंदिया, शिरपूर इथे चांगलं फ्लाइंग शिकता येतं, आणि परवाना बदलण्याची कटकट राहत नाही. पावसाळ्यात मात्र तास रखडतात. हेच सगळे प्रश्न इथल्या संस्थांनाही विचारा आणि मग तुलना करा.

निघण्याआधी डीजीसीएचे जेवढे पेपर सुटतील तेवढे सोडवून जा. पण त्याच्याही आधी मेडिकल. क्लास २, मग क्लास १. रंग ओळखण्यातला दोष कित्येकांना या तपासणीतच पहिल्यांदा कळतो. क्लास १ चा निकाल हातात आल्याशिवाय माझ्या विद्यार्थ्यांना मी एक डॉलरही पाठवू देत नाही, आणि त्यावरून पालक नाराज झाले तरी मला चालतं.